वाळू अडवणारी विशाखा

अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडात पाय सोडून बसलो होतो, तेव्हा विशाखानं मला तिच्या आजाराबद्दल सांगितलं. तिचे गुडघे दुखायचे, म्हणून महिन्या-दोन महिन्यांनी मी तिला गाडीतून तिथे घेऊन जायचो. पडघ्याहून निघाल्यापासून ती नेहमीसारखीच बोलत होती. हायवेवर आडव्यातिडव्या लावलेल्या ट्रकांवर रागावून झालं, वाटेतल्या कुणाच्या तरी शेतात वाल चांगला धरलाय हे सांगून झालं. कुंडाच्या काठावर बसल्यावर तिनं सलवार जरा वर दुमडली, पाय पाण्यात सोडले आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, की पोटातली गाठ चांगली नाही, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. घरच्यांना कळायच्या आधी तुला सांगणं बरं दिसलं नसतं, म्हणून परवा घरी सांगितलं आणि आज तुला सांगतेय. मी पाण्यातून वर येणाऱ्या वाफेकडे बघत राहिलो. मग तिनंच विषय बदलला. तारेची नवी रिळं आली का, आल्यावर तपासून घेतलीस का, असं विचारलं. मी हो म्हणालो. खरं तर तपासली नव्हती... दुसऱ्या दिवशी सकाळी वर्कशॉप उघडल्यावर पहिलं काम ते केलं.

त्यानंतर जेमतेम सात आठवडे गेले. सकाळी अकराच्या सुमाराला तिच्या भावाचा, सिद्धार्थदादांचा फोन आला. ते एवढंच म्हणाले, "काशिनाथ, ताई गेली. शांतपणे गेली." माझ्या वर्कशॉपमध्ये मशीनवर आमचे जुने कारागीर इस्माईलभाई होते. माझ्याकडे बघून त्यांना काय समजायचं ते समजलं आणि त्यांनी बटण दाबून मशीन बंद केलं. तार गुंडाळत असताना मशीन असं एकदम बंद केलं, तर तार सैल पडून तो नग भंगारात जातो. हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. तरी त्यांनी थांबवलं, डोक्यावरची टोपी सारखी केली आणि माझ्या शेजारी येऊन बसले. विशाखा असती तर दोघांनाही बोलली असती, असं मला वाटून गेलं. पण त्या दिवशी आमच्यातल्या कुणाच्यानंच काम झालं नसतं.

विशाखा गायकवाड हे नाव तेलविहिरींच्या कामात असलेल्या लोकांना ठाऊक आहे. बाकी कुणाला ठाऊक असायचं कारण नाही. तिनं जन्मभर जे काम केलं, ते जमिनीखाली कोसभर खोल चालतं आणि नीट झालं तर वर काहीच दिसत नाही. आमची ओळख भिवंडीच्या कॉलेजातली. ती पडघ्याहून एसटीनं यायची, मी खाडीकाठच्या आमच्या गावाहून सायकलनं. तिचे वडील शाळेत शिपाई होते आणि घरात पुस्तकांचं एक कपाट होतं, ज्याला त्या घरात देवघराइतका मान होता. आमच्या घरी भातशेती, मिठागराचा एक तुकडा आणि भिवंडीतल्या निजामपुऱ्यात भाड्याच्या जागेत टाकलेले वडिलांचे लूम, म्हणजे यंत्रमाग. प्रयोगशाळेत आडनावांच्या यादीप्रमाणे जोड्या लागत, पण माझा जोडीदार महिन्याभरात कॉलेज सोडून गेला आणि सरांनी मला तिच्या टेबलावर पाठवलं. मी काचेच्या नळ्या फोडायचो, ती वहीत आकडे लिहायची. दुसऱ्या वर्षानंतर वडिलांना दम्यानं गाठलं आणि मी लूमवर बसलो. ती मुंबईला भूगर्भशास्त्र शिकायला गेली, मग एका तेल कंपनीच्या प्रयोगशाळेत लागली. पहिला पगार झाल्यावर ती पेढे घेऊन आमच्या घरी आली होती. माझ्या आईनं तिला बाहेरच्या पडवीत पाणी दिलं. विशाखा पाणी प्यायली, आईच्या पाया पडली आणि निघून गेली. तिनं त्याबद्दल कधी एक अक्षर काढलं नाही, मीही नाही. पण ते मला आजही सलतं, आणि पुढे आई तिच्यासाठी चुलीपुढे बसून तांदळाची भाकरी थापायची, तेव्हा आईलाही ते आठवत असणार, असं तिच्या तोंडाकडे बघून वाटायचं.

तिच्या कामाविषयी मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं होतं. तेल कंपनीत जाऊन तू वाळू चाळतेस, असं मी तिला म्हणालो. तिनं शांतपणे समजावून सांगितलं. जमिनीखाली तेल किंवा वायू काही तळ्यासारखा साठलेला नसतो, दगडाच्या बारीक बारीक पोकळ्यांत भरलेला असतो. काही ठिकाणी तो दगड इतका कच्चा, की बोटानं चोळला तर कण सुटे होतात. विहीर जोरात वाहू दिली, की तेलाबरोबर ते कणही वर यायला लागतात. ती वाळू विहिरीत साचून वाट बुजवते, आणि नळीतून वेगानं धावली तर कानशीसारखी पोलाद घासत जाते. नळी जिथे वळते, तिथे तर रोज थोडं थोडं खाते. मग अडवायची कशी, असं मी विचारलं. विहिरीच्या तळाशी, जिथे तेल आत शिरतं तिथे जाळीची नळी बसवायची, जाळीभोवती कधी कधी निवडलेली गोल खडी भरायची. पण जाळीची फट किती ठेवायची, हे त्या त्या विहिरीच्या वाळूवर ठरतं. फट मोठी झाली तर वाळू आत येते आणि फार लहान झाली तर गाळानं बुजून विहीरच गुदमरते. बरोबर फट असेल, तर आधी थोडे मोठे कण त्या फटीपाशी एकमेकांना टेकून थांबतात आणि त्यांच्या मागे बारीक कण अडकतात. म्हणजे शेवटी वाळूच वाळूला अडवते, असं ती म्हणाली. ते तिला मनापासून आवडायचं. कुठलीही नवी विहीर असली, की तिला त्या खडकाचा तुकडा हवा असायचा. तो ती फोडायची, धुवायची, भट्टीत वाळवायची आणि एकावर एक ठेवलेल्या चाळण्यांतून गाळून प्रत्येक चाळणीवर किती उरलं ते तोलायची.

तोवर निजामपुऱ्यातले आमचे लूम बसत चालले होते. कापडाला उठाव नव्हता, वीज परवडत नव्हती, कारागीर गावाकडे परत जात होते. चोवीसांतले आठ लूम चालू होते आणि त्यातलेही दोन इस्माईलभाईंच्या हट्टामुळे. इस्माईलभाई वडिलांच्या वेळेपासूनचे, उत्तर प्रदेशातून विशीत आलेले आणि इथलेच झालेले. अशाच एका दुपारी विशाखा मला भेटायला शेडमध्ये आली. लूमच्या खडखडाटात बोलता येईना, म्हणून ती इकडेतिकडे बघत फिरत होती. फिरता फिरता ती फणीपाशी थांबली. फणी म्हणजे लोखंडी पात्यांची कंगव्यासारखी चौकट, जिच्या फटींतून ताण्याचा एकेक धागा ओवलेला असतो. तिनं चष्मा वर करून ती अगदी जवळून पाहिली, फटींवरून नख फिरवलं आणि मला बाहेर बोलावून विचारलं, या फटी सगळ्या सारख्या आहेत हे तुम्ही कसं ओळखता? मी म्हणालो, एखादी जरी वेगळी असली तर कापडावर रेघ उमटते, ती आंधळ्यालाही कळते. ती म्हणाली, "काशिनाथ, मला अशी माणसं हवी आहेत. आमच्या जाळ्या बनवणाऱ्यांना फट दिसते, पण तिचं महत्त्व कळत नाही."

मला त्यातून काही निघेल असं वाटलं नव्हतं. पण ती पुढच्या रविवारी जाळीच्या नळीचा एक कापलेला तुकडा घेऊन आली. आत उभ्या सळ्या, त्यांच्याभोवती गुंडाळलेली तिकोनी तार आणि तार जिथे जिथे सळीला टेकते तिथे तिथे जोड. इस्माईलभाईंनी तो तुकडा हातात घेऊन उलटसुलट केला आणि म्हणाले, "ये तो बुनाई ही है. बस धागा लोहे का है." त्या एका वाक्यावर मी सोळा लूम मोडीत काढले. पडघ्याजवळ गोदामांच्या मागे एक शेड घेतली, तार गुंडाळायचं जुनं मशीन आणलं, इस्माईलभाईंनी ते खोलून पुन्हा बसवलं. सुरुवातीला विंधनविहिरींच्या गाळण्या आणि साखर कारखान्यांच्या चाळण्या केल्या. तेलविहिरीच्या कामाला हात लावायची परवानगी विशाखानं तीन वर्षं दिली नाही. मी विचारलं, की ती म्हणायची, "अजून न्हाय." इतकी वर्षं मुंबईत राहूनही नकार द्यायची वेळ आली, की तिच्या तोंडून पडघ्याचा तो 'न्हाय' यायचा आणि तो आला, की पुढे बोलण्यात अर्थ नसायचा.

शेवटी एका मोठ्या ठेकेदारामार्फत आम्हाला पहिलं काम मिळालं. पूर्व किनाऱ्यावर एक वायूची विहीर वाळूमुळे बंद ठेवावी लागली होती, तिच्यासाठी चाळीस जाळ्या. हे काम मिळालं तेव्हाच विशाखानं तिच्या कार्यालयाला लिहून कळवलं होतं, की हा माणूस माझा कॉलेजातला मित्र आहे, तेव्हा तपासणीला माझ्याबरोबर दुसरा अधिकारी पाठवा. तसा एक अधिकारी आला. त्यानं दहा-बारा जाळ्यांच्या फटींत मोजायची पाती घालून पाहिली, सगळं ठीक असल्याचं सांगितलं आणि चहा मागवला. विशाखा चहाला बसली नाही. ती एकेका जाळीवर वाकून इंच इंच पुढे सरकत होती. चार केस एकत्र धरले तर जेवढी जाडी होईल, तेवढी ती फट. एकतिसाव्या जाळीवर ती थांबली. मधल्या भागात बोटभर लांबीत फट वाढलेली होती. तिनं त्या अधिकाऱ्याला बोलावून दाखवलं. तो म्हणाला, एवढी एक जाळी बाजूला ठेवू या. विशाखा म्हणाली, की एका जाळीत हे झालंय आणि आपल्याला ते सुरुवातीला दिसलं नाही, तेव्हा बाकीच्या एकोणचाळीस कशाच्या भरवशावर घ्यायच्या? आणि तिनं सगळा माल नाकारला.

माझ्या पायाखालची जमीन सरकली. मी सगळ्यांसमोर तिला नको ते बोललो. तूच या धंद्यात घातलंस आणि तूच गळा कापलास, असं काहीतरी. तिनं पर्स उचलली आणि त्या अधिकाऱ्याबरोबर निघून गेली. मी घरी येऊन आईसमोर तणतणलो. आई तांदूळ निवडत बसली होती. सगळं ऐकून घेतल्यावर तिनं ताट बाजूला ठेवलं आणि म्हणाली, "तुझे जालीन भोक व्हता, तिनी दावला. त्यान तिचा काय चुकला?" तरी मी दीड महिना विशाखाला फोन केला नाही. तिनंही केला नाही. आमच्या पंचेचाळीस वर्षांच्या मैत्रीत तेवढा एकच काळ कोरडा गेला.

मग एका रविवारी ती स्वतःच आली. शेड बंद होती, मी एकटाच आत बसलेलो. ती माझ्यासमोरच्या लाकडी खोक्यावर बसली आणि तिनं मला रामय्याची गोष्ट सांगितली. ती नोकरीत नवी होती तेव्हाची. त्याच पूर्व किनाऱ्यावरच्या एका विहिरीतून वाळू येत असल्याचं तिला नमुन्यांत दिसलं होतं. वायू जास्त मिळावा म्हणून वरची झडप जास्त उघडून ठेवली होती. विशाखानं अहवाल लिहिला, की वेग कमी करा आणि नळ्यांची वळणं तपासून घ्या. अहवाल वरिष्ठांकडे गेला आणि टेबलावर पडून राहिला. तिला वाटलं, आपण नव्या आहोत, बाई आहोत, सारखं सारखं विचारलं तर बरं दिसणार नाही. तीन आठवड्यांनी एक वळण आतून खाल्लं जाऊन फुटलं. आग लागली नाही, तेवढं नशीब. पण रामय्या नावाचा ऑपरेटर तिथून जात होता. वायूबरोबर आलेली वाळू त्याच्या तोंडावर बसली आणि त्याचा डावा डोळा गेला. चौकशीत विशाखाचा अहवाल निघाला आणि सगळ्यांनी तिचं कौतुक केलं, की तू वेळेवर लिहिलं होतंस. "मी कागद पाठवला आणि गप्प बसले," ती म्हणाली. "त्या कौतुकानं मला अनेक वर्षं झोप आली नाही."

हे ऐकल्यावर मला माझं तोंड बंद ठेवता आलं नाही. ती एकतिसावी जाळी मी स्वतः केली होती. इस्माईलभाई ईदला गावी गेले होते, माल द्यायची तारीख जवळ आली होती, म्हणून मी मशीनवर बसलो होतो. मध्यात रीळ संपलं, नवीन रीळ जोडलं आणि पुढे मशीनचा आवाज किंचित बदलला. तार सैल पडली, की तो आवाज येतो. मी लूमवर वाढलेला माणूस, मला तो कळला होता. काही वेळानं तो आपोआप सरळ झाला आणि मी मनाला समजावलं, की काही झालं नसेल... हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. विशाखानं सगळं ऐकून घेतलं. मी खाली मान घालून बसलो होतो. ती म्हणाली, "म्हणजे आपण दोघं एकाच वर्गातले. तुलाही कळलं होतं आणि मलाही कळलं होतं." मग उठली, साडीवरची धूळ झटकली आणि विचारलं, तार शिल्लक आहे का? म्हणजे चाळीसच्या चाळीस पुन्हा करायला लाग.

त्या चाळीस जाळ्या आम्ही पुन्हा केल्या. आधी ठेकेदार तयार नव्हता. विशाखानं माझ्यासाठी शब्द टाकला नाही. तो तिचा स्वभाव नव्हता. तिनं एवढंच सांगितलं, की तू जे मला सांगितलंस, ते त्यालाही सांग. मी जाऊन सांगितलं. आवाज बदलला होता आणि मी दुर्लक्ष केलं, हे समोरच्या माणसाच्या डोळ्याला डोळा देऊन सांगणं फार जड गेलं. तो ठेकेदार हातातलं पेन खाली ठेवून म्हणाला, आजवर मला सगळ्यांनी यंत्राची किंवा मालाची चूक सांगितली, करा पुन्हा. या खेपेला रीळ जोडलं, की मशीन पाच मिनिटं थांबवून फट मोजायची, असा नियम इस्माईलभाईंनी घालून घेतला. तो आजही चालू आहे. या वेळी विशाखा दोन दिवस तपासत होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिनं कमरेवर हात ठेवून अंग सरळ केलं आणि म्हणाली, "चांगल्या झाल्यात." तिच्या तोंडून हे दोन शब्द ऐकायला मला तीन वर्षं आणि एक भांडण लागलं होतं.

जाळ्या विहिरीत उतरल्या, भोवती खडी भरली आणि विहीर पुन्हा सुरू झाली. चार महिन्यांनी विशाखा तिथे पाहणीला निघाली, तेव्हा मीही ठेकेदाराच्या माणसांबरोबर गेलो. सभोवार नारळाच्या बागा, भाताची खाचरं आणि मध्येच कुंपण घातलेली विहीर. विहीर म्हणजे काय, तर जमिनीतून वर आलेला माणसाएवढा लोखंडी सांगाडा, झडपा आणि नळ्या. मला वाटलं होतं काहीतरी भव्य असेल. तिथे काळा चष्मा घातलेला एक उंच माणूस विशाखाला बघून पुढे आला. तो रामय्या होता. अपघातानंतर त्याला बसून करायचं काम दिलं होतं. पण नळ्यांच्या वळणांवर बाहेरून वाळूचा आवाज पकडणारी लहान यंत्रं बसवली गेली, तेव्हा ती बघायचं काम त्यानं आपणहून मागून घेतलं. त्यानं आधी मला शेजारच्या, अजून जाळी न बसवलेल्या विहिरीवर नेलं आणि हेडफोन कानाला लावले. सुपात तांदूळ पाखडताना येतो, तशी सरसर ऐकू येत होती. मग आमच्या विहिरीवर नेलं. तिथे फक्त एकसारखा वाऱ्यासारखा आवाज होता. मी कान देऊन ऐकत राहिलो. बराच वेळ ऐकलं, एकही दाणा वाजला नाही. "कुछ नहीं है. सिर्फ गैस है," रामय्या म्हणाला आणि मोकळेपणानं हसला.

विशाखा त्याच्याशी बोलायचं ठरवूनच आली असावी. तिनं मला थांबायची खूण केली, म्हणून मी जवळच उभा राहिलो. तिनं त्याला हिंदीत सांगितलं, की तुमच्या अपघाताआधी मी अहवाल पाठवला होता, पण पाठपुरावा केला नव्हता, आणि त्याबद्दल तुमची माफी मागायची इतक्या वर्षांत हिंमत झाली नाही. रामय्यानं चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मॅडम, आपने कागज तो भेजा था. बाकी किसी ने वह भी नहीं भेजा," तो म्हणाला. मग पुढे म्हणाला, "अगली बार कागज के साथ फोन भी कीजिए." विशाखा आधी रडली आणि मग हसली. परतीच्या प्रवासात ती खिडकीला डोकं टेकून गाढ झोपली होती. तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत तिचा अहवाल गेला, की दुसऱ्या दिवशी तिचा फोन जायचा आणि उत्तर मिळेपर्यंत रोज जायचा. कार्यालयातले काही लोक तिला टाळायचे, हे तिला माहीत होतं. रामय्या आणि ती मात्र दिवाळी-संक्रांतीला एकमेकांना न चुकता फोन करत. त्याची मुलगी आता त्याच भागात अभियंता आहे.

निवृत्तीनंतर मोठ्या पगाराची बोलावणी आली होती. ती पडघ्याला परत आली. लग्न केलं नव्हतं, भावाचं घर हेच तिचं घर. आमच्या शेडला लागून एक रिकामी खोली होती, ती तिनं मागून घेतली. तिथे चाळण्या आल्या, भट्टी आली, तराजू आला. लहान ठेकेदारांना वाळू तपासायला दूर पाठवावी लागायची, ते इथे पाठवायला लागले. पडघ्यातल्या आणि आजूबाजूच्या गावांतल्या, विज्ञान शिकलेल्या पण गोदामात खोकी मोजायच्या नोकरीला लागलेल्या पाच मुली तिनं हेरल्या. त्यांना ती शनिवार-रविवारी शिकवायची. पैसे घ्यायची नाही, पण उशीर झालेला चालायचा नाही. त्यातल्या दोघी आज बाहेर राज्यांत तेलविहिरींवर काम करतात. एकीनं मागच्या वर्षी आपल्या वरिष्ठांना विहीर बंद ठेवायला लावली आणि मग घाबरून विशाखाला फोन केला. विशाखानं तिला सगळे आकडे पुन्हा वाचून दाखवायला सांगितले, ऐकून घेतले आणि म्हणाली, "बरोबर आहे तुझं. हलू नकोस." ती मुलगी हलली नाही, आणि विहीर नीट करून मगच सुरू झाली. त्या दिवशी विशाखानं आम्हा सगळ्यांना बाजारातून जिलेबी आणून खिलवली.

आजार कळल्यावरही ती जमेल तेवढे दिवस खोलीत यायची. शेवटचे तीन आठवडे घरीच होती. मी जायचो तेव्हा उशांना टेकून बसलेली असायची आणि मला वर्कशॉपची खबर विचारायची. इस्माईलभाई एकदा माझ्याबरोबर आले होते. तिनं त्यांचा हात धरून विचारलं, "मशीन कैसा बोल रहा है, भाईजान?" ते म्हणाले, "बिलकुल साफ." एवढंच दोघांचं शेवटचं बोलणं. तिच्या अंत्ययात्रेला पडघ्यातल्या बुद्धविहारापासून माणसं रस्ताभर होती. त्रिसरण चालू असताना माझ्या बाजूला आमच्या गावची, निजामपुऱ्यातली आणि कुठल्या कुठल्या तेलक्षेत्रांवरून विमानानं आलेली माणसं एकत्र उभी होती. तिच्या हाताखाली शिकलेल्या पाचही मुली आल्या होत्या. मला त्या दिवशी रडू आलं नाही. ते नंतर आलं, एकदा तारेचं रीळ उतरवताना, काही कारण नसताना.

तिची खोली मी बंदच ठेवली होती. किल्ली माझ्याकडे असूनही उघडावीशी वाटली नाही. गेल्या सोमवारी आसामहून एका विहिरीच्या खडकाचा नमुना आला, तिच्या नावानं. पाठवणाऱ्यांना बातमी कळली नव्हती. पार्सल हातात घेऊन मी तसाच उभा होतो, तेवढ्यात प्रज्ञा आली. प्रज्ञा ही सिद्धार्थदादांची मुलगी, त्या पाच जणींतली सगळ्यात धाकटी. आत्याच्या आजारपणात तिनं गोदामातली नोकरी सोडली होती आणि आता पुढे काय करणार, हे तिला विचारायची माझी छाती झाली नव्हती. तिनं माझ्या हातातलं पार्सल घेतलं, पत्ता वाचला आणि किल्ली मागितली. खोली उघडून तिनं आधी खिडकी उघडली, झाडून घेतलं, मग टेबलावरून ओलं फडकं फिरवलं. चाळण्या एकेक करून मऊ ब्रशनं साफ केल्या आणि उजेडाकडे धरून बघितल्या. नमुना फोडला, धुतला, वाळवायला ठेवला. दुपार सगळी त्यातच गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती तोलायला बसली, तेव्हा मी न राहवून दारात जाऊन उभा राहिलो. तिनं खिडकी लावून घेतली होती. टेबलाशी आत्यासारखीच तिची बसायची पद्धत, कोपर टेबलाला न टेकवता श्वास धरून तराजूच्या आकड्याकडे बघणं... मला तिथून हलवेना. प्रज्ञानं मान वर केली नाही. आकडा स्थिर व्हायची वाट बघत ती म्हणाली, "काका, आत या नाहीतर बाहेर जा. दार उघडं राहिलं, की तराजूला वारा लागतो."

तिच्या आत्यानं मला हे किती वेळा सुनावलं असेल, याची गणती नाही. मी बाहेर आलो आणि दार हलकेच ओढून घेतलं.